पुण्यात घरी पहिली प्रवाळटाकी: पाणी, उन्हाळा आणि दुकानदाराचे सल्ले

कर्वेनगरचा_नवशिका

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षे मी गोड्या पाण्याची, जिवंत वनस्पतींची टाकी सांभाळतो आहे. ती बऱ्यापैकी जमली आहे, असे वाटू लागल्यामुळे आता खाऱ्या पाण्याकडे वळण्याचे ठरवले आहे. दिवाळीनंतर तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी दहा मिलिमीटर काचेची टाकी बनवून घेतली आहे. ती सध्या दिवाणखान्यात कोरडीच पडून असून तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागली आहे.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटीला महापालिकेचे पाणी येते, परंतु फेब्रुवारीपासून जूनपर्यंत निम्मे पाणी टँकरचे असते. दिवाणखाना पश्चिमेकडे असल्याने एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी तिथे ३४ अंशांपर्यंत तापमान जाते. वीज फारशी जात नाही, पण गुरुवारी देखभालीसाठी कधी तीन-चार तास बंद असते.

ज्या दुकानात चौकशी केली तेथील गृहस्थांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की ते मुंबईहून समुद्राचे पाणी कॅनमधून आणून देतील, त्यामुळे मिठाचा खर्च वाचेल. दुसरी अशी की त्यांच्याकडे 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणूंनी भरलेला समुद्रातला खडक, आहे, तो टाकला की आठ दिवसांत मासे सोडता येतात. तिसरी अशी की एक मेंदूसारखा दिसणारा प्रवाळ ते मला सुरुवातीची भेट म्हणून सवलतीत देतील. गोड्या पाण्याच्या अनुभवावरून आठ दिवसांची गोष्ट मला पटली नाही, म्हणून आगाऊ रक्कम न देता परत आलो.

माझा हेतू मोठा नाही. क्लाउनफिशची एक जोडी, एखाद-दुसरा लहान मासा आणि पाण्याबरोबर डोलणारे काही प्रवाळ, एवढे साधले तरी पुरे. घरातल्या स्वयंपाकघरातील आरओचे पाणी चालेल का, पाणी थंड करणारा चिलर घ्यावाच लागेल का, आणि खर्च कोणत्या क्रमाने करावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

दर्याकाठ

आपण टाकी आधी बनवून घेतली आणि प्रश्न नंतर विचारला, याबद्दल येथे कोणी आपल्याला बोल लावणार नाही, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी तेच केले आहे. आगाऊ रक्कम दिली नाहीत, हे मात्र आमच्यापैकी अनेकांना जमले नव्हते.

टाकी कोरडी आहे तोवर एक काम उरकून घ्या. मागच्या काचेला वरच्या बाजूस ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे वरचे पाणी आपोआप खाली उतरण्यासाठी, छिद्र नसेल, तर टाकी ज्याच्याकडून बनवली त्याच काचवाल्याकडे पुन्हा न्या आणि छिद्र पाडून घ्या. साध्या काचेला ते हिऱ्याच्या कटरने पाडता येते. काच टफन, म्हणजे तापवून कठीण, केलेली असेल तर तिचा चुरा होईल, म्हणून आधी तसे विचारून घ्या. काठावर अडकवायचे सायफनचे ओव्हरफ्लो बाजारात मिळतात, परंतु वीज जाऊन परत आल्यावर सायफन तुटलेला असेल तर पंप खालचे पाणी वर ढकलत राहतो आणि ते थेट फरशीवर येते. खाली सम्प, म्हणजे एक दीड-दोन फुटी जोडटाकी, ठेवलीत की फेसातून घाण काढणारा स्किमर, हीटर, तापमापक आणि वाफ होऊन उडालेले पाणी भरणारा फ्लोट हा सगळा पसारा तिथे जातो.

आता पाणी. आपला पहिलाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गोड्या पाण्यात आपण नळाचे पाणी दोन दिवस ठेवून वापरले तरी वनस्पती त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट आनंदाने खातात. प्रवाळटाकीत मात्र तेच फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाच्या पोटात जाते. शिवाय टाकीतले पाणी सतत उडत असते आणि आपण सतत नवे भरत असतो, त्यामुळे भरलेल्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल ते आत साचतच जाते. म्हणून भरायच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य हवा. 'कमी' असून भागत नाही. उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस मी माझ्या मीटरवर ९०० च्या पुढे गेलेला पाहिला आहे. स्वयंपाकघरातील आरओ त्यातले नव्वद टक्के क्षार काढतो असे धरले, तरी नव्वद उरतात.

त्यातही एक गंमत आहे. घरगुती आरओमध्ये बहुधा टीडीएस नियंत्रक नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळतो, आणि काही यंत्रांत शेवटी क्षार मिसळणारी आणखी एक नळकांडी असते. पिणाऱ्याला ते हवेच असते, टाकीला अजिबात नको असते. त्यामुळे मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या गाळणपडद्यातून, बाहेर येणाऱ्या नळीवरच एक टी-जोड बसवून तेथून वेगळी नळी काढा आणि तिच्या टोकाला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावा. रंग बदलणारे रेझिन घेतले तर ते कधी संपले हे डोळ्यांनी दिसते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी वाया जाते. पहिल्या भरणीला ते पाच-सहाशे लिटर होईल. ते ड्रममध्ये साठवून फरशी, संडास आणि गाडी धुण्यास वापरावे. टँकरच्या सोसायटीत राहून ते गटारात सोडणे मला तरी जड जाते.

मीठ म्हणजे अर्थातच मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मिश्रण. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातले मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) यांचा समुद्राचा ताळमेळ नसतो. दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम धरा. स्वच्छ ड्रममध्ये आधी पाणी घ्या, पंप चालू करा आणि मग थोडे थोडे मीठ सोडा. उलट केले, म्हणजे मिठावर पाणी ओतले, तर कॅल्शियमचा चुनखडीसारखा साका तळाशी बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. चोवीस तास फिरवल्यानंतर क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, आली की पाणी तयार झाले. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणलेला माझा पहिला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला दोन अंकांनी खोटे बोलत होता आणि मला ते चार महिन्यांनी कळले.

घोडबंदरवाला

दर्याकाठ यांनी पाण्याचे इतके नीट सांगितले आहे की मी उष्णतेकडे वळतो.

प्रवाळाला २४ ते २७ अंश तापमान मानवते. ही नुसती पुस्तकी मर्यादा नव्हे. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापलेले राहिले, एवढ्यावरच प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग दोन्ही देते. पाणी तापले की प्रवाळ त्यालाच बाहेर टाकतो. घरच्या टाकीत दिवे आणि पंप यांची उष्णता वर असते, त्यामुळे ३४ अंशांच्या खोलीत काही न केल्यास पाणी ३१-३२ पर्यंत सहज जाईल.

चिलर घेण्यापूर्वी पंख्याचा विचार करा, कारण तुम्ही पुण्यात आहात. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा वारा घालतो तेव्हा पाणी उडते आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, अगदी माठासारखे. माठ कोरड्या हवेत गार होतो आणि दमट हवेत रुसतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेत आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पंख्याने तीन-चार अंश उतरतात. माझ्याकडे ठाण्यात मे महिन्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता सत्तर टक्के असते. अशा हवेत कितीही वारा घातला तरी पाणी २८ च्या खाली जाऊच शकत नाही, कारण ओल्या फुग्याचा तापमापकच (फुग्याला ओले फडके गुंडाळलेला, बाष्पीभवनाने गार होणारा) तेवढे दाखवतो. मी दोन उन्हाळे पंख्यांवर काढण्याचा हट्ट केला आणि तिसऱ्या वर्षी मुकाट्याने चिलर आणला. तुमची खोली ३४ ला जाते हे पाहता, पहिला उन्हाळा पंखा, थर्मोस्टॅट आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा एवढ्यावर निघेल असे मला वाटते, पण पुढेमागे चिलरसाठी नळीची जागा आतापासून ठेवा. दोनशे लिटरला १/१० ते १/६ अश्वशक्तीचा पुरतो. तो कपाटात कोंबू नका. तो पाण्यातली उष्णता काढून कपाटातच टाकील आणि मग तीच पुन्हा काढत बसेल.

पंख्याची एक किंमत असते, ती म्हणजे दिवसाला तीन ते पाच लिटर उडणारे पाणी. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भरताना नेहमी शुद्ध गोडे पाणी भरायचे. हे इतके साधे आहे की मला ते कोणाला सांगायची गरज वाटली नव्हती, आणि तिथेच मी फसलो. गणपतीला बारा दिवस गावी गेलो होतो. तेव्हा माझ्याकडे आपोआप पाणी भरणारे यंत्र नव्हते, म्हणून शेजारच्या काकांना रोज खुणेपर्यंत पाणी भरायला सांगितले. कपाटाखाली दोन पांढरे कॅन होते, एकात आरओचे पाणी आणि दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेले खारे पाणी. काकांनी मोठ्या निष्ठेने रोज तीन लिटर भरले, आणि ते खाऱ्या कॅनमधून. म्हणजे रोज साधारण १०५ ग्रॅम मीठ, बारा दिवसांत सव्वा किलो, तेही १८० लिटरमध्ये. परत आलो तेव्हा क्षारता ४२ होती. क्लाउनफिश काही घडलेच नाही अशा थाटात पोहत होते; दोन्ही कोळंब्या आणि सगळ्या गोगलगायी गेल्या होत्या. चूक काकांची नव्हती, कारण दोन्ही कॅन सारखेच आणि बिनचिठ्ठीचे होते. क्षारता खाली आणायला मी पाच दिवस घेतले, कारण एकदम उतरवली असती तर उरलेलेही गेले असते. आज माझ्याकडे एक कॅन निळा आहे आणि एक पांढरा.

विजेबद्दल थोडक्यात: तीन-चार तास वीज नसेल तर मासे उष्णतेआधी प्राणवायूवाचून गुदमरतात, कारण कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी घुसळणारा छोटा पंप, घ्या. नसेल तर सेलवर चालणारा हवेचा पंप कपाटात असू द्या.

मालवणचा_शिंपला

मी मूळचा मालवणचा असल्याने दुकानदाराच्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहिणे मला भाग आहे.

आधी समुद्राचे पाणी. मुंबईच्या किनाऱ्याजवळचे पाणी कोणत्याही ऋतूत या कामाचे नाही, कारण नाल्यांचे आणि सांडपाण्याचे पाणी तिथेच येऊन मिळते. आमच्याकडचे पाणी हिवाळ्यात खूपच स्वच्छ असते, तरी जूनमध्ये पाऊस लागला की खाड्यांतून लाल, गढूळ पाणी येते आणि किनाऱ्याजवळची क्षारता कितीतरी खाली जाते. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने तुमचे पाणी बदलणेच थांबेल. शिवाय कॅनमध्ये दोन-तीन दिवस बंद राहिलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरून त्याचा वास येतो. वीस लिटर पाण्याला साधारण पाऊण किलो मीठ लागते. तेवढ्यासाठी ही जोखीम घेऊ नये.

आता तो मेंदूसारखा प्रवाळ. तो कृपया घेऊ नका, सवलतीत नाही आणि फुकटही नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत. समुद्रघोडेही याच अनुसूचीत येतात, हे येथे सांगून ठेवतो, कारण पुढच्या खेपेला तेही तुम्हाला दाखवले जातील. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत हा प्रवाळ आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली, पण प्रवाळ होते तिथेच राहिले. 'हा परदेशातून आलेला आहे' असे दुकानदार म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी शब्दाला काही अर्थ नसतो.

'लाइव्ह रॉक'लाही हेच लागू होते. तो म्हणजे खडकातून तोडलेला मेलेल्या दगडी प्रवाळाचाच तुकडा असतो. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटिस करारातही तो दगडी प्रवाळांतच मोजला जातो. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात लहानपणी आम्ही बुड्या मारायचो तेव्हा जे खडक भरगच्च होते, त्यांतले काही आज नांगरांनी आणि पावलांनी खरवडलेले दिसतात. त्यामुळे या विषयात माझा स्वर जरा चढतो, त्याबद्दल क्षमस्व.

याचा अर्थ तुमचा बेत रद्द होतो असे मुळीच नाही. तुम्हाला हवे आहेत ते 'डोलणारे' प्रवाळ म्हणजे मशरूम, लेदर आणि झोअँथिड, आणि हे मऊ प्रकार वर सांगितलेल्या वर्गांत मोडत नाहीत. दुसऱ्या कोणाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचे छाटलेले तुकडेच घ्या, आणि दुकानातून घेतल्यास बिल घ्या. दगडासाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम खडक मिळतात. जिवाणूंना राहायला भोके हवी असतात. ती समुद्राने केली की भट्टीने, याची ते चौकशी करत नाहीत.

झोअँथिडबाबत एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांचा खडक कधीही उकळत्या पाण्याने धुऊ नका किंवा कोरडा ब्रशने घासू नका. अशा वाफेने परदेशांत अख्खी कुटुंबे रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

कर्वेनगरचा_नवशिका

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. प्रवाळाच्या कायद्याची मला सुतराम कल्पना नव्हती. त्या दुकानाचा विषय माझ्यापुरता संपला.

काल रात्री टीडीएस मीटर आणून मोजमाप केले. नळाचे पाणी २१०, टँकरचे ७४०, आणि आमच्या आरओच्या नळातून येणारे ६८. आरओचे झाकण उघडल्यावर दर्याकाठ म्हणतात तो स्क्रू खरोखरच सापडला. मेम्ब्रेनच्या नळीतून थेट पेल्यात पाणी घेतले तर मीटरने १४ दाखवले, म्हणजे उरलेले ५४ आम्ही चवीसाठी पीत होतो. घरात मात्र स्पष्ट ताकीद मिळाली आहे की पिण्याच्या पाण्याच्या चवीला हात लावायचा नाही, म्हणून वेगळी नळीच काढतो आहे. काचवाल्याने छिद्र पाडून देण्याचे कबूल केले आहे.

आता दोन शंका. कृत्रिम खडक म्हणजे पूर्णपणे निर्जीव सुरुवात. मग नायट्रोजनचक्र, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारी जिवाणूंची साखळी, किती दिवसांत आणि कशी बसवावी? गोड्या पाण्यात मी एखादा टणक मासा सोडून ते बसवत असे. दुसरी शंका वजनाची आहे, कारण आमची इमारत वीस वर्षांची आहे.

दर्याकाठ

मासा सोडून चक्र बसवणे गोड्या पाण्यातही क्रूरच असते, पण तेथे ते खपून जाते याला एक कारण आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातले विषारी रूप पाण्याचा सामू (पीएच) वाढला की झपाट्याने वाढते. तुमच्या वनस्पतींच्या टाकीत सामू ७ च्या आसपास असेल, समुद्राच्या पाण्यात तो ८.२ असतो. त्यामुळे चाचणीत तोच आकडा दिसला तरी माशाच्या कल्ल्यांना दहापटीच्या वर जाच होतो.

म्हणून मासा नको, बाटलीतला अमोनियम क्लोराइड घ्या. टाकीत खडक आणि वाळू मांडून, क्षारता ३५ आणि तापमान २७ ठेवून, दर लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका तो टाका आणि सोबत नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे द्रावण टाका. दिवे बंद ठेवा, नाहीतर जिवाणूंआधी शेवाळच बाळसे धरते. पहिल्या दोन आठवड्यांत अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. मग नायट्राइट बरेच दिवस हटून बसेल आणि एका सकाळी अचानक उतरलेला दिसेल. टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य असतो, असे लागोपाठ दोनदा घडले की चक्र बसले. निर्जीव खडकावर चार ते सहा आठवडे धरा. त्यानंतर मोठा पाणीबदल करून नायट्रेट दहाच्या खाली आणा. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही अगदी शून्यावर नेण्याच्या भरीस पडू नका. प्रवाळालाही थोडे लागते, आणि पार नितळ पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर माजतो, जो घालवताना माणूस छंद सोडण्याच्या टोकाला येतो.

पहिला मासा म्हणून क्लाउनफिशचीच जोडी घ्या, आणि ती हॅचरीत पैदास झालेलीच मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे बसवलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही. एक लहान आणि एक थोडा मोठा निवडा. हे मासे जन्मतः नर असतात आणि दोघांतला वरचढ असेल तो पुढे मादी होतो, म्हणून नर-मादी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. ॲनिमोन (क्लाउनफिश समुद्रात ज्यात राहतात तो फुलासारखा प्राणी) वर्षभर तरी आणू नका. क्लाउनफिशना त्याच्यावाचून काही अडत नाही. निळा टँग मासा दुकानात दोन इंचांचा असतो आणि फुटभर वाढतो, तो तीन फुटी टाकीत कोंडू नये. प्रत्येक नवा मासा वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे ठेवून मगच आत सोडा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही, कारण तांबे कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ या सर्वांना मारते.

स्थापत्य_आणि_शिंपले

वजनाच्या शंकेपुरते लिहितो, कारण तो माझा व्यवसाय आहे. आपल्या टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू, स्टँड आणि भरलेला सम्प धरून एकूण भार साडेतीनशे किलोच्या घरात जाईल. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आपल्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापराचा भार धरलेला असतो. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या साडेतीनशे किलोंनी सुस्थितीतल्या इमारतीत घाबरण्याचे कारण नसते. तरीही टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता खाली तुळई असलेल्या भिंतीला लांबीने लावून ठेवा, स्टँडखाली चार पायांऐवजी अखंड चौकट असू द्या, आणि बाल्कनीत मुळीच ठेवू नका. छताला किंवा तुळईला गंजामुळे पडलेल्या भेगा दिसत असतील तर आधी अभियंत्याला दाखवा.

मिठाची पुटे सगळीकडे चढतात आणि ती वीज वाहतात. टाकीच्या सर्व प्लगसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) लावून घ्या, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. आणखी एक: सोसायटीत कीटकनाशकाची फवारणी असते त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाकून हवेचा पंप बंद ठेवा. झुरळांसाठी बनवलेले औषध कोळंबीलाही झुरळच समजते.

कर्वेनगरचा_नवशिका

सात आठवड्यांनी लिहितो आहे. अमोनियाचा शेवटचा डोस चोवीस तासांत उतरला, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८, क्षारता ३५, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच आणि कॅल्शियम ४२० आहे. दुपारी पंखा चालू असताना पाणी २६.८ च्या वर गेलेले नाही. जोडी विलगीकरणाच्या टाकीत तिसऱ्या आठवड्यात असून दोघे दाणे खाऊ लागले आहेत. खाऱ्या पाण्याच्या कॅनवर मी लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'खारट' असे लिहिले आहे.

मात्र मागच्या शनिवारी दिवे सुरू केल्यापासून पांढऱ्या वाळूवर आणि खडकावर तपकिरी, पुडीसारखा थर चढला आहे. बोटाने फुंकर मारल्यासारखे हलवले तरी उडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. हाच तो डायनोफ्लॅजेलेट का? औषध टाकावे का?

दर्याकाठ

नाही. डायनोफ्लॅजेलेट चिकट असतो, त्यात बुडबुडे अडकलेले दिसतात आणि तो लाळेसारखा लोंबतो. हलवले की धुळीसारखा उडतो तो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा थर, आणि नव्या टाकीत तो येतोच. नवी वाळू आणि खडक यांतून सुटणाऱ्या सिलिकेटवर तो जगतो आणि ते संपले की दोन-चार आठवड्यांत आपोआप विरतो. औषध टाकू नका. तुमच्या डीआयच्या नळीतून येणारे पाणी अजून शून्यच आहे ना, तेवढे एकदा तपासा, दिवे आठ तासांवर आणा आणि चार-पाच ट्रोकस गोगलगायी घेऊन या. त्या हा थर आवडीने खातात.

त्या आणल्यावर मात्र पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधी मोजा. बरीच दुकाने मीठ वाचवण्यासाठी विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास ठेवतात, आणि तिथून थेट १.०२६ मध्ये पडलेली गोगलगाय कवचात शिरते ती बाहेर येतच नाही. पिशवीतले पाणी वाडग्यात ओता, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतले पाणी थेंबथेंब त्यात सोडा आणि क्षारता सारखी होईपर्यंत, म्हणजे तास-दीड तास, थांबा. मग गोगलगायी हाताने उचलून काचेला पायाच्या बाजूने चिकटवा. वाडग्यातले पाणी टाकीत ओतू नका.